शिट्टी आणि पाचोळा

माझा नवरा ओल्दा ज्या वसंतात निवृत्त झाला, त्याच वसंतात त्याच्या कानात शिट्टी वाजायला लागली. बारीक, चिरकी, एकसारखी. ऐकू फक्त त्यालाच येते, पण त्रास दोघांना वाटून मिळालाय.

आधी त्याला वाटलं, चहाची किटली उकळतेय. सारखा स्वयंपाकघरात येऊन शेगडी बघायचा. मग त्याने फ्रीज भिंतीपासून ओढून काढला. मग शेजारच्या मिलोशने छपरावर बसवलेल्या सोलरवर संशय घेतला आणि सकाळी सकाळी त्याच्या दारात जाऊन उभा राहिला. मिलोश पायजम्यावरच बाहेर आला आणि म्हणाला, "अरे ओल्दा, ते अजून जोडलेलंच नाही." तेव्हा कुठे हा डॉक्टरकडे यायला तयार झाला.

शहरातल्या कानाच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला काचेच्या खोलीत बसवून तपासलं.

"काम कुठे करत होतात?"

"खुर्च्यांच्या कारखान्यात. बीचच्या झाडाचं लाकूड वाफेवर मऊ करून वाकवतात ना, तिथे. मी करवतीवर होतो."

"कानांवर काय घालायचात?"

"टोपी," ओल्दा म्हणाला.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. याला औषध नाही म्हणाल्या. हळूहळू सवय होईल; फक्त शांत खोलीत बसू नका, भोवती काहीतरी आवाज असू द्या. ओल्दाने मान डोलावली. मी शेजारच्या खुर्चीत बसले होते आणि मला ते मुळीच आवडलं नाही. कारण मी सबंध आयुष्य बालवाडीत काढलंय. रडणं, भांडणं, डब्यांची झाकणं, "व्लास्ताबाई, याने मला चावलं." मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की निवृत्त झाले की खिडकीशी अक्रोड फोडत बसेन आणि काहीही ऐकणार नाही.

झालं काय, तर घरातल्या प्रत्येक खोलीत एक रेडिओ आला. स्वयंपाकघरात एक, न्हाणीघरात एक, उशाशी एक. ओल्दाला गाणी चालत नाहीत, बडबड लागते. त्यामुळे आमच्या मोराविया प्रांतातल्या कुठल्या रस्त्यावर कुठला ट्रक उलटलाय हे मला तोंडपाठ असतं. आमच्याकडे गाडी नाही.

"जरा बारीक कर," मी म्हणायचे.

"बारीक केला की ती वर येते."

"मग दुसऱ्या खोलीत जा."

"तिथे चालूच आहे," तो म्हणायचा आणि खरंच चालू असायचा.

मी आरडाओरडा करणारी बाई नाही. बालवाडीत ओरडून काही होत नाही हे पहिल्याच वर्षी कळतं. पण त्या उन्हाळ्यात मी एकदा न्हाणीघरातला रेडिओ टबात टाकला. बॅटरीवरचा होता, बुडबुडे आले आणि बंद पडला. दुसऱ्या दिवशी ओल्दाने नवा आणला. आधीपेक्षा मोठा.

पूर्वी असं काही झालं की मी टोपली उचलायचे आणि जंगलात जायचे. आमच्या गावामागे टेकडीवर स्प्रूसचं जंगल होतं, काळंशार, खाली सुईसारख्या वाळक्या पानांची मऊ गादी. पाऊल पडलेलं स्वतःला ऐकू यायचं नाही. अळंबी कुठे उगवते हे मला माहीत होतं आणि मी ते माझ्या पोटच्या मुलीलाही सांगितलं नव्हतं. पण सालीखालचा किडा आला. एका उन्हाळ्यात झाडं तांबडी पडली, दुसऱ्या उन्हाळ्यात सगळी तोडावी लागली. आता तिथे नुसती खुंटं आणि काटेरी झुडपं. लोक म्हणतात, छान, आता वरून चर्चचा मनोरा दिसतो. मला मनोरा बघायचा नव्हता. मनोरा मला घरातूनही दिसतो.

उरलं ते वरच्या अंगाचं बीचचं रान. ते मी कधी जमेसच धरलं नव्हतं. बीच म्हणजे माझ्या लेखी जळण आणि ओल्दाचा कारखाना. उन्हाळ्यात त्याखाली इतका अंधार असतो की गवतही उगवत नाही. अळंबी मिळते, पण ती काळी, कर्ण्यासारखी, वाळल्या पानांत अशी लपते की पायाखाली आल्यावर दिसते. सप्टेंबरच्या अखेरीला नाइलाजाने तिथे जायला लागले. रिकामी टोपली घेऊन परतायचे. आणि परतताना कुंपणापासूनच रस्त्यांच्या बातम्या ऐकू यायच्या.

ऑक्टोबरात माझी नणंद यार्मिला आली. पेअरच्या मुरंब्याचा मोठा गोल केक आणि त्याहून मोठा सल्ल्यांचा गठ्ठा घेऊन. लसणाची पाकळी कापसात गुंडाळून कानात ठेवायची. हंसाची चरबी कोमट करून थेंब थेंब घालायची. तिच्या ओळखीतल्या एका बाईची शिट्टी लूर्दच्या तीर्थाला जाऊन आल्यावर थांबली होती.

"आणि सर्वात महत्त्वाचं," बोट वर करून यार्मिला म्हणाली, "त्याला मोकळ्या हवेत ने. तू रोज एकटीच कुठे जातेस गं? त्यालाही घेऊन जा की. नवरा आहे तुझा."

"नवरा आहे म्हणून तर एकटी जाते."

"वा! आमच्या आईने हे ऐकलं असतं तर!"

"तुमच्या आईनेच मला ती वाट दाखवली," मी म्हटलं. ते खरंच होतं. सासूबाईंनाही नवरा होताच.

ओल्दा केक खात होता. रेडिओवर कुठेतरी पुलाचं काम चालू होतं. तो म्हणाला, "येतो उद्या," आणि मी हातातली सुरी जरा जोरातच खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी तो आला. कारखान्यातले जुने जड बूट घालून आला. त्या दिवशी ऊन होतं, थंडी कोरडी होती आणि बीचची पानं नुकतीच धो धो पडायला लागली होती. वाट दिसत नव्हती, सगळीकडे घोट्याएवढा पाचोळा. आणि हा माणूस पाय उचलेना. पाय ओढत, फरफटत, एखादं जनावर गंजीत शिरल्यासारखा चालायला लागला. खसर, खसर, खसर. हरीण पळालं. कावळे उठले. वर मधूनच खोडांवर थापा मारायचा.

"यातून एका खानावळीच्या खुर्च्या निघतील. हे मात्र वाकडं आहे, हे चालणार नाही. व्लास्ता, तुला माहितीये, मी एवढं बीच कापलं, पण उभं असं धडपणे बघितलंच नव्हतं. आमच्याकडे यायचं ते ओंडके होऊन."

"ओल्दा, पाय उचल."

"काय?"

"पाय उचलून चाल. तीन वर्षांची पोरं चालतात तसा चालतोयस."

"मग काय झालं? आहे कोण इथे ऐकायला?"

"मी आहे!" मी म्हटलं. "मी इथे काही न ऐकायला येते. घरी तुझी बडबड, इथे तुझे बूट. मी जाऊ तरी कुठे?"

तो थांबला. मला वाटलं, आता भांडेल. पण त्याने मान एका बाजूला केली. मग दोन पावलं फरफटत टाकली. पुन्हा थांबला. पुन्हा चालला, या वेळी जोरात, बुटांनी पानं उडवत.

"काय झालं?"

"गेली," तो म्हणाला.

"कोण गेली?"

"शिट्टी गेली. चालताना नाहीये. थांबलो की येते. चाललो की..." तो माझ्याभोवती गोल गोल फिरायला लागला. "नाहीये, व्लास्ता! रेडिओने ती दबते नुसती, ही चक्क पुसली जातेय!"

मी त्याच्यासाठी आनंदी व्हायला हवं होतं. जराशी झालेही असेन. पण त्याहून जास्त मला दिसत होतं ते हे, की माझं शेवटचं ठिकाण गेलं. किड्याने एक रान खाल्लं आणि दुसरं नवऱ्याने.

मग तो रोज यायला लागला. माझ्या आधी बूट घालून दारात उभा. मी म्हटलं, तू पुढे जा, मी मागून येते. तो पुढे जायचा, पण बीचच्या रानात आवाज लांबवर जातो. मी मागे कितीही अंतर ठेवलं तरी ती खसर खसर यायचीच. आणि दर थोड्या वेळाने हाक, "व्लास्ता, आलीस का?" मी खोडाआड उभी राहून उत्तर द्यायचे नाही. तशी उभी असतानाच मी पहिल्यांदा बीचची साल नीट बघितली असेन. राखाडी, गुळगुळीत, आणि फांदी फुटते तिथे सैल मोज्यासारख्या घड्या पडलेल्या. बघितली आणि पुन्हा चिडले, कारण हाक आलीच.

तरी ते चाललं असतं. पण ओल्दाला कुठे थांबावं ते कळत नाही. एक दिवस मी बाजारातून आले तर काचेच्या व्हरांड्यात, जिथे मी हिवाळ्यात जिरेनियमच्या कुंड्या ठेवते, तिथे गुडघाभर पाचोळा. कुंड्या बाहेर अंगणात. आणि मधोमध ओल्दा, हात मागे बांधून, येरझाऱ्या घालतोय. रेडिओ बंद होता. त्याचा चेहरा इतका निवांत होता की मी बाजाराची पिशवी दारातच खाली ठेवली.

"पोती भरून आणली," तो म्हणाला. "मिलोशची हातगाडी घेतली होती. आता पाऊस आला तरी चिंता नाही. तुला रेडिओ नको होता ना? बघ, बंद!"

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी पानांतून बारीक काळे किडे निघून पडद्यांवर चढले. तिसऱ्या दिवशी एक उंदीर. आणि पानं ती, किती तुडवणार? चुरा झाला. चुऱ्याची धूळ झाली, धूळ साखरेत, उशीत, माझ्या घशात. ओल्दा खोकत खोकत येरझाऱ्या घालत होता आणि आवाज काही येत नव्हता. नुसता भुसा. माझे जिरेनियम पहिल्या कडक थंडीत काळे पडले.

मी फावडं घेतलं आणि सगळं खतात टाकलं. तो दारात उभा राहून बघत होता.

"थोडी ताजी पानं आणली असती," तो म्हणाला.

"ओल्दा, आता माझ्याच कानात शिट्टी वाजेल."

"मग कळेल तुला."

मी फावडं धुतलं आणि काळ्या पडलेल्या जिरेनियमच्या कुंड्याही खतात रिकाम्या केल्या.

आणि पाऊस आला. मृतांच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी सुरू झाला तो थांबेचना. आम्ही कबरस्तानात गेलो, आईबापांच्या कबरींवर मेणबत्त्या लावल्या, त्या विझल्या, पुन्हा लावल्या. गावचा बँड दरवर्षीप्रमाणे छत्र्यांखाली उभा राहून वाजवत होता. ओल्दा त्या बँडमध्ये तरुणपणापासून मोठा पितळी कर्णा वाजवायचा. उन्हाळ्यात त्याने तो परत करून टाकला होता. मला म्हणाला होता, दम पुरत नाही. पहिलं गाणं संपायच्या आत तो बाहेर निघून गेला. मी फाटकाशी गाठला तेव्हा काड्यापेटी हातात घेऊन भिजत उभा होता.

"लोक काय म्हणतील? यार्मिला बघत होती."

"बघू दे." काड्यापेटी खिशात टाकत म्हणाला, "ते सूर लावतात ना, त्याच्या किंचित वर माझी शिट्टी आहे. अगदी किंचित. सगळा बँड बेसूर वाटतो. माझीच माणसं, आणि ऐकवत नाही मला."

"मग दमाचं का सांगितलंस मला?"

"दमाचं लोकांना कळतं," तो म्हणाला.

त्यानंतर तो रानात येईना. एकदा गेला होता पावसातच. पानं भिजून चिखलाला चिकटली होती, पायाखाली आवाज नाही. परतला तो रेडिओ लावून कोचावर बसला. सेंट मार्टिनच्या सणाला हंस भाजला, नवी वाइन आली, मुलगी ब्रनोहून आली आणि गेली. हा बसलेला. रान पुन्हा माझ्या एकटीच्या वाट्याला आलं. मी मनात म्हटलं, चला, एवढं तरी झालं.

मी गेले. पाऊस रात्रीच थांबला होता. वर म्हाताऱ्या बीचच्या झाडांत गेले, तिथे कोणी म्हणजे कोणी नव्हतं. पानं सगळी झडलेली, त्यामुळे वरून उजेड थेट खाली येत होता आणि ओल्या खोडांवर काळे पट्टे चमकत होते. पायाखाली ओल्या ब्लँकेटवर चालल्यासारखं. पाखरू नाही, वारा नाही. इतकी शांतता मला बालवाडी सोडल्यापासून मिळाली नव्हती. एका मुळावर रेनकोट पसरून बसले.

आणि मला बसवेना. मी ऐकायला लागले. म्हणजे काहीच ऐकू येत नव्हतं, तेच ऐकायला लागले. मनात आलं, इथे ओल्दा बसला तर त्याला काय ऐकू येईल? माझ्यासाठी एवढं मोठं रान रिकामं, आणि त्याच जागी त्याच्यासाठी करवत चालू. मला राग आला. या माणसाने आता न येताही माझी जागा बळकावली होती. मी उठले, शिव्या देत उताराला लागले.

खालच्या कडेला, जिथे काही वर्षांपूर्वी मोठी झाडं तोडली होती, तिथे नवी बीचची रोपटी दाट माजलीत, माणसाच्या उंचीची, काही थोडी वर. तिथे पोचले आणि वाऱ्याची झुळूक आली. आणि सगळीकडून खडखडाट सुरू झाला. कागदाच्या पिशव्या एकदम चुरगाळाव्यात तसा. मी दचकले. आधी वाटलं, झालं, इथेही कोणीतरी आहेच. मग बघितलं. त्या रोपट्यांनी पानं टाकलीच नव्हती. वरच्या थोरल्या झाडांवर एक पान नाही, आणि ही पोरं मात्र तांबूस, वाळकी, कुरकुरीत पानं घट्ट धरून उभी. पाऊस त्यांच्यावरूनही गेला होता, पण फांदीवर असल्याने वाऱ्याने वाळली होती. आयुष्यभर या गावात राहिले मी, दर हिवाळ्यात अशी रोपटी लांबून बघितली, आणि मला वाटायचं ती मेलेली झुडपं आहेत.

घरी पळतच आले म्हणायला हवं, माझ्या गुडघ्यांना जमेल तसं.

"ओल्दा, बूट घाल."

"ओलं आहे बाहेर."

"घाल म्हणते ना."

"सांग तरी कशाला."

"सांगितलं तर तू म्हणशील, 'माहीत आहे', आणि बसून राहशील. घाल!"

रस्ताभर तो कुरकुरत होता. चढावर थांबून थांबून श्वास घेत होता आणि प्रत्येक थांब्याला विचारत होता की कोबीचं सूप शेगडीवर ठेवलंय की खाली उतरवलंय. खरं सांगायचं तर मला आठवत नव्हतं, पण उतरवलंय म्हणून सांगितलं. आम्ही रोपट्यांपाशी पोचलो.

वारा पडला होता. एक पान हलत नव्हतं.

"हं," ओल्दा म्हणाला. "काय बघायचंय?"

"थांब जरा. वारा येईल."

आम्ही थांबलो. वारा काही येईना. धुकं खाली उतरत होतं. तो कानाशी हात नेऊन उभा होता, त्याची ती सवय मला माहीत आहे. शिट्टी चढली की तो कान दाबतो, जणू बाहेरून येतेय.

"व्लास्ता, थंडी वाजतेय मला. हे दाखवायला आणलंस? वाळकी झाडं?"

"ती आवाज करतात! मघाशी करत होती!"

"बरं, करत असतील," तो म्हणाला. इतक्या समजूतदारपणे म्हणाला, रडक्या पोराला आपण म्हणतो ना, तसं. तेवढ्याने माझं डोकं फिरलं. सबंध उन्हाळा, ते रेडिओ, ती पोती, काळे पडलेले जिरेनियम, सगळं एकदम वर आलं. मी टोपली फेकली, समोरचं रोपटं दोन्ही हातांनी धरलं आणि गदागदा हलवलं.

"घे! घे! ऐक! तुला आवाज पाहिजे ना? घे!"

खडखडाट झाला. मी सोडलं नाही. टोपी पडली, केस सुटले, फांद्यांवर जमलेले धुक्याचे थेंब सगळे मानेत गेले. एक झाड सोडून दुसरं धरलं. मला वाटतं मी रडतही होते, पण ते पाण्यामुळे कळलं नसेल. ओल्दा आधी "अगं, अगं" करत होता. मग त्याने हात पुढे केला आणि शेजारचं रोपटं हलवून बघितलं, हळू. मग जोरात. मग आम्ही दोघं, पेन्शन खाणारी दोन माणसं, धुक्यात उभी राहून झाडं हलवत होतो.

वाटेवरून मिलोश आला, कुत्र्याला घेऊन. थांबला. कुत्राही थांबला.

"नमस्कार," मिलोश म्हणाला. "फळं पडताहेत का काही?"

"नाही," ओल्दा म्हणाला.

"मग?"

"रेडिओ बिघडलाय," मी म्हटलं.

मिलोशने मान डोलावली आणि कुत्र्याला ओढत निघून गेला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं असणार, आणि तसं झालंच. यार्मिलाचा रात्री फोन आला, की लूर्दचा अजून विचार करा.

पण मिलोश गेल्यावर ओल्दा हसायला लागला. वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून हसला. मी त्याला वसंतापासून हसताना पाहिलं नव्हतं. मी मात्र हसले नाही. मला अजून राग होता आणि तळहात सोलवटले होते.

घरी आलो तर सूप करपलं होतं.

शिट्टी गेली नाही. जाणारही नाही, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं. न्हाणीघरातला रेडिओ मी काढायला लावला, स्वयंपाकघरातला आहे. त्यावरून आठवड्यातून एकदा तरी वाजतं आमचं. फक्त आता सकाळी आम्ही दोघं निघतो. रोपट्यांपाशी ओल्दा थांबतो. जुन्या कारखान्यातून त्याला भेट मिळालेली घडीची खुर्ची तो पाठीवर घेऊन येतो, ती तिथे मांडतो, थर्मास काढतो. नोव्हेंबरात आमच्याकडे बहुतेक दिवस वारा असतो. नसला तर तो बसल्या बसल्या एक फांदी हलवत राहतो. मी पुढे वर चढते, म्हाताऱ्या झाडांत. तिथवर त्याचा आवाज येत नाही. मी खात्री करून घेतलीय. वर मी बसते, हल्ली बसवतं. कधी अळंबी मिळते, कधी नाही.

मागच्या गुरुवारी मी खाली आले तर तो झोपला होता. खुर्चीत, टोपी नाकावर, तोंड उघडं, आणि भोवती सगळी पानं खडखडताहेत. गेले कित्येक महिने हा माणूस दिवसा सोडा, रात्रीही धड झोपलेला नाही. मला भूक लागली होती. पाय गारठले होते. त्याला उठवायला मी हात पुढे केला आणि मागे घेतला. पुन्हा केला. मग म्हटलं, पाच मिनिटं.

ती पाच मिनिटं काही संपेनात. करायला काही नव्हतं, म्हणून शेजारच्या रोपट्याची एक फांदी ओढून बघत राहिले. वाळक्या पानाच्या देठाशी, अगदी बगलेत, एक कळी होती. लांब, टोकदार, तपकिरी, विणायच्या सुईच्या टोकासारखी. प्रत्येक पानाशी एकेक. मी फांदीभर बघत गेले, मग दुसरी फांदी, मग दुसरं झाड. पाय पूर्ण बधिर झाले. वर कुठेतरी सुतारपक्ष्याने एकदा ठोकलं आणि थांबला. मला अजून उभं राहता आलं असतं.

"व्लास्ता?" ओल्दा जागा झाला होता. "कधी आलीस?"

"आत्ताच," मी म्हटलं. "चल, खुर्ची उचल. आणि पाय उचलून चाल."